दुसऱ्या महायुद्धात ज्यूंना गुपचूप मदत करणारा सायकलपटू कोण?

इटलीचा जीनो बार्ताली. १९३८ची टूर द फ्रान्स ही फ्रान्समधली मोठी सायकल शर्यत त्याने जिंकली होती. १९४३मध्ये जर्मनांनी इटलीचा ताबा घेतल्यावर तो फ्लोरेन्सहून असिसीपर्यंत सायकल मारायचा. बघणाऱ्यांना वाटे, सराव चाललाय. पण सायकलच्या नळीत ज्यूंच्या खोट्या ओळखपत्रांसाठीचे फोटो, कागद गुंडाळून ठेवलेले असत! फ्लोरेन्सचे कार्डिनल (कॅथलिक चर्चचे बडे धर्मगुरू) एलिया दल्ला कोस्ता यांनी त्याला या कामात ओढलं होतं. एका ज्यू कुटुंबाला त्याने स्वतः आसराही दिला. सापडला असता तर जिवावरच बेतलं असतं.

मला सगळ्यात भिडतं ते त्याचं मौन. १९४८मध्ये पुन्हा टूर जिंकून तो देशाचा लाडका झाला, तरी याविषयी जाहीरपणे बोलणं टाळत राहिला. २००० साली तो गेला. ज्यूंच्या नरसंहाराची स्मृती जपणाऱ्या जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेने त्याचा गौरव केला २०१३मध्ये.