लिनक्स फाइल सर्व्हरची डिस्क मधेच अडकते: दोष केबलचा की डिस्कचा?

कॉपी करताना सर्व्हर थिजतो, कर्नल लॉगमध्ये 'आय/ओ एरर' येतो, तर एफएससीके (फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवू का, असा प्रश्न आहे. आत्ता अजिबात नको. ते दुरुस्तीसाठी डिस्कवर लिहितं, आणि मरायला टेकलेल्या डिस्कवरचा उरलासुरला डेटाही त्यात जाऊ शकतो.

आधी स्मार्टसीटीएल या कमांडने स्मार्टचा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या नोंदी ठेवते त्यांचा, तक्ता काढून प्रत्येक ओळीतला शेवटचा रॉ (मूळ) आकडा बघा. फक्त १९९ नंबरच्या ओळीचा (केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुका) वाढतोय? मग बहुधा साटा केबल सैल किंवा खराब आहे, ती बदला. हा आकडा शून्यावर परत येत नाही. वाढायचा थांबला की झालं. १९७ किंवा १९८ शून्याच्या वर असतील तर काही सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे छोटे तुकडे) वाचलेच जात नाहीयेत. ५ नंबर (खराब म्हणून बदललेले सेक्टर) चढत असेल तर डिस्क बदलायचीच, स्मार्टच्या एकूण निकालात 'पास्ड' दिसलं तरी.

मग डिस्क अनमाउंट करून (सिस्टिमपासून सोडवून) तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर डीडीरेस्क्यू या डेटा वाचवणाऱ्या कमांडने प्रत घ्या. पहिली फेरी लहान 'एन' पर्यायाने, म्हणजे खराब भाग खरवडत न बसता चांगला डेटा आधी निघतो. मॅप फाइल (कुठला भाग वाचून झाला याची नोंद) तिसऱ्या डिस्कवर ठेवा आणि दुसऱ्या फेरीलाही तीच द्या. कमांडमध्ये जुनी डिस्क आधी, नवी नंतर. सीरियल नंबर दोनदा ताडून बघा, उलटं झालं तर सगळं पुसलं जाईल. एफएससीके चालवायचं ते त्या प्रतीवर.