पुरे कुणी म्हणायचं?

प्रिय मुली,

तुझा रात्री अडीचचा लांबलचक मेसेज वाचला. फोन केला असता, पण फोनवर तू 'हो मॅडम, हो मॅडम' करतेस आणि गोंधळ मनातच ठेवतेस. म्हणून लिहिते आहे. राउंड संपल्यावर शांतपणे वाच.

तू चांगली डॉक्टर आहेस, संवेदनशील आहेस, वगैरे मी लिहिणार नाही. ते तुला ठाऊक आहे आणि इथे त्याचा उपयोग नाही. तीन आठवडे व्हेंटिलेटरवर असलेले आजोबा, मेंदूत मोठा रक्तस्राव, शुद्ध नाही, आणि मुलगा आयसीयूच्या दारात हात जोडून म्हणतो, 'मॅडम, आता पुरे करा.' तुझे सर म्हणतात, उपचार थांबवायला मंजुरी देणाऱ्या मेडिकल बोर्डाचे कागद तयार कर. आणि तू मला विचारतेस की कागद भरताना हात थरथरला, हा भित्रेपणा का? नाही. तो थरथरलाच पाहिजे. ज्याचा थरथरत नाही त्याला मी आयसीयूची ड्यूटी देणार नाही.

एक गोष्ट मी तुम्हा सगळ्यांना वॉर्डात सांगत आले आणि तुम्ही सगळे ती परीक्षेला येत नाही म्हणून विसरलात. आपण उपचाराला पुरे म्हणू शकतो. माणसाला पुरे म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. डायलिसिसने काही साधत नसेल तर थांबव, चौथं अँटिबायोटिक चढवू नकोस, छाती दाबून बरगड्या मोडू नकोस. त्याला माझी कधीच हरकत नव्हती. पण 'आता यांच्या जगण्यात काय उरलंय' हे वाक्य ज्या क्षणी तुझ्या मनात येईल, त्या क्षणी पेन खाली ठेव. तो प्रश्न डॉक्टरचा नाही, मुलाचा नाही, आणि सरकारचा तर मुळीच नाही.

आता त्या मुलाविषयी. तो वाईट माणूस आहे असं मला क्षणभरही वाटत नाही. पण त्याला तू खुर्चीवर बसवून विचारलंस का, की बिल किती झालं? महात्मा फुले योजनेत केस बसली का, की पॅकेजच्या दिवसांपलीकडे गेली? शेत गहाण पडलं का? तुझ्या एवढ्या मोठ्या मेसेजमध्ये यातलं एक अक्षर नाही, आणि मला राग आला तो याचाच. आपल्याकडे इच्छामरणाच्या चर्चा सभागृहात होतात, पण प्रत्यक्षात 'पुरे' म्हणते ती बिलाची खिडकी. नातेवाईक डामा डिस्चार्जच्या, म्हणजे डॉक्टरच्या सल्ल्याविरुद्ध रुग्ण घरी नेण्याच्या, कागदावर सही करतात, अँब्युलन्समध्ये कुणीतरी श्वास देणारी अंबू बॅग हाताने दाबत बसतो, आणि गाव येईपर्यंत किंवा उंबऱ्यावर सगळं संपतं. त्या कागदावर 'स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत' असं लिहिलेलं असतं. कुणाची जबाबदारी? पैसे संपले म्हणून उचलून नेलेल्या बापाच्या मरणाला मुलाचा निर्णय म्हणणं हा त्या मुलावर अन्याय आहे. तो आयुष्यभर ते ओझं वाहतो. मी अशी मुलं वर्षांनंतर ओपीडीत भेटलेली पाहिली आहेत. ती स्वतःचा रक्तदाब दाखवायला येतात आणि बोलतात बापाविषयी.

कायदा तुला माझ्यापेक्षा ताजा पाठ आहे. उपचार थांबवण्याविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल, मग ९ मार्च २०१८ चा पाच न्यायमूर्तींचा, मग जानेवारी २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली ती. आता लिव्हिंग विल, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेलं इच्छापत्र, नोटरीसमोरही चालतं, बोर्डातल्या तज्ज्ञाला वीसऐवजी पाच वर्षांचा अनुभव पुरतो, आणि प्राथमिक व दुय्यम अशा दोन्ही बोर्डांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. गोव्याने २०२४ मध्ये अंमलबजावणीही सुरू केली. हे बेकायदा आहे असं मी म्हणत नाही. दोन बोर्डांच्या सह्या झाल्या म्हणजे तुझं काम झालं असं तुला वाटू नये, एवढंच म्हणते. आणि ४८ तासांची घाई कुणाच्या सोयीची आहे, याचा विचार कर.

२०११ चा निकाल तुम्ही एका ओळीत पाठ करता: पॅसिव्ह युथनेशियाला, म्हणजे जगवणारे उपचार थांबवून मरण येऊ देण्याला, परवानगी. ज्या बाईवरून तो लागला तिचं काय झालं ते कुणी वाचत नाही. अरुणा शानभाग, केईएमची परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ ला रुग्णालयातच तिच्यावर हल्ला झाला, गळा आवळल्याने मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, आणि त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत ती त्याच रुग्णालयात होती. ऐंशीच्या दशकात महापालिकेने तिला हलवून खाट मोकळी करायचा प्रयत्न केला, तेव्हा परिचारिका उभ्या ठाकल्या आणि महापालिकेला मागे हटावं लागलं. तिला अन्न देणं थांबवावं अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हाही त्याच उभ्या राहिल्या. न्यायालयाने याचिका फेटाळली आणि म्हटलं की तिची खरी जवळची माणसं म्हणजे केईएमचे कर्मचारी. निकालाच्या वेळी सदतीस वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाईच्या अंगावर पडून राहिल्याने होणारी एक जखम, एक बेडसोर नव्हता! तू आयसीयूत काम करतेस, तुला हे काय आहे ते कळेल. आमच्या वॉर्डात दहा दिवसांत पाठ सोलवटायची. दर दोन तासांनी कूस बदलणं, तोंड पुसणं, भरवणं, आणि हे अशा पिढ्यांनी केलं ज्यांतल्या अनेकींनी तिला चालताना-बोलताना पाहिलंही नव्हतं.

मला अनेकांनी विचारलं, यातून अरुणाला काय मिळालं? हा प्रश्न विचारणाऱ्यांशी मी भांडले आहे. एका सहकाऱ्याने मला भर सभेत कर्मठ म्हटलं आणि नंतर बोलणं सोडलं. असू दे. तिला काय मिळालं हे तिच्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही, आणि म्हणूनच तिच्या वतीने पुरे म्हणता येत नाही. त्या परिचारिकांना तत्त्वज्ञान शिकवलेलं नव्हतं, तरी एवढं त्यांना कळलं होतं.

तू विनोबांचं उदाहरण दिलंस. मला वाटलंच होतं. १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला विनोबांनी अन्न, पाणी, औषध सगळं नाकारलं. १९६६ मध्ये सावरकरांनी प्रायोपवेशन केलं. तू लिहितेस, 'मॅडम, आपल्याच परंपरेत हे आहे, मग तुमचा विरोध कशाला?' अगं, नीट बघ ना! दोघांनी स्वतः ठरवलं, पूर्ण शुद्धीत, आणि आपल्याच तोंडाचा घास नाकारला. त्यांनी डॉक्टरच्या हाताने मरण मागितलं नाही, तहसीलदाराचा शिक्का मागितला नाही. ज्याचं पुरे त्याने म्हणावं, त्यापुढे मी हात जोडते. तुझ्या पेशंट आजोबांनी ते म्हटलंय का? म्हटलं असेल तर कुणापाशी, कधी? हे विचारणं हे तुझं पहिलं काम होतं.

लिव्हिंग विलला म्हणूनच माझा सरसकट विरोध नाही. पण मी जिल्ह्याच्या गावात आयुष्य काढलं. म्हाताऱ्या विधवेचा अंगठा सातबाऱ्यावर कसा घेतला जातो, बक्षीसपत्र कोण वाचून दाखवतं आणि कोण नाही, हे मी पाहिलं आहे. ज्या घरात तिच्या औषधाच्या खर्चावरून रोज कुजबुज चालते, त्या घरात ती 'मला नळ्या लावू नका' म्हणेल तेव्हा तो आवाज कुणाचा? नोटरीला हे कळणार नाही. तिला दहा वर्षं ओळखणाऱ्या डॉक्टरला कळेल, आणि असे डॉक्टर आपण संपवत आणले.

आणि सरकार. तुम्हा मुलांना वाटतं, चांगली नियमावली आली की प्रश्न मिटतो. मी १९७६ साली इंटर्न होते. नसबंदीच्या शिबिरांत नावांच्या याद्या आणि टार्गेट काय असतं ते पाहिलंय. आपल्या विधिमंडळाने त्याच वर्षी सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं, देशात सर्वांत आधी. राष्ट्रपतींची संमती आली नाही म्हणून ते राहिलं. ती माणसं राक्षस नव्हती. सुशिक्षित होती, लोकसंख्येची खरी काळजी करत होती. शरीराचा हिशेब सरकारी रकान्यात गेला की चांगली माणसंही काय करतात, हे तेव्हा दिसलं. कॅनडाचं बघ. २०१६ मध्ये डॉक्टरच्या मदतीने मरण घेण्याचा कायदा केला तेव्हा तो ज्यांचं मरण समोर दिसतंय त्यांच्यापुरता होता. २०२१ मध्ये ती अट गेली. २०२३ मध्ये तिथे १५ हजारांहून अधिक माणसं या मार्गाने गेली, एकूण मृत्यूंच्या ४.७ टक्के. आता मानसिक आजारासाठीही तो खुला करायचा घाट आहे, फक्त २०२७ पर्यंत पुढे ढकललाय. त्यांच्याकडे निदान सर्वांना सरकारी खर्चाने उपचार मिळतात. आपल्याकडे काय होईल याची कल्पना कर.

मला खरी खंत आहे ती वेगळ्याच गोष्टीची. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आमच्या वॉर्डात ओरडत असायच्या आणि माझ्याकडे मॉर्फिन, अफूपासून बनणारं वेदनाशामक, नसायचं. अफू आपल्याच देशात पिकते, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत, पण १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यानंतर रुग्णालयाला चार-पाच परवाने लागायचे आणि त्यातला एकतरी नेहमी मुदत संपलेला असायचा. २०१४ मध्ये कायदा सुधारला तोवर मी निवृत्तीला टेकले होते. त्यांतली एक मला म्हणाली होती, 'बाई, मारून टाका.' तिला मरण नको होतं. तिला वेदना नको होती. मुंबईत शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर रुग्णांची सेवा करणारं शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, केरळने २००८ मध्ये राज्याचं पॅलिएटिव्ह, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांचं, धोरण केलं, म्हणजे कसं करायचं हे आपल्याला माहीत होतं. ज्या सरकारला जिल्हा रुग्णालयात मॉर्फिनची गोळी पोचवता येत नाही, त्याने मरणाच्या हक्काची परिपत्रकं आधी काढू नयेत. मी हे दर बैठकीत बोलले, आणि तोंडं वाकडी झाली तरी पुन्हा बोलेन.

तर आता उद्याचं. मुलाला बाजूला घे, खुर्ची दे, आणि पैशाचं आधी विचार. सोशल वर्करला बरोबर घे. मग विचार की वडील शुद्धीत असताना आजारपणाबद्दल काय म्हणायचे. आजींनाही विचार, वेगळं, मुलासमोर नको. उपचारांची यादी कर आणि एकेकासमोर लिही, याने काही साधतंय की नाही. जे साधत नाही ते थांबवायला मी सांगते, आणि त्यासाठी बोर्ड लागत असेल तर बोर्ड बोलाव. रायल्स ट्यूबचं, म्हणजे नाकातल्या नळीतून दिलं जाणारं, फीड त्या यादीत धरू नकोस, माझ्या लेखी भरवणं हा उपचार नाही. वेदना, सक्शन, पाठ, डोळे यांची जबाबदारी तू घे, सिस्टरवर ढकलू नकोस.

सरांशी बोलताना माझं नाव खुशाल घे. ते माझेच विद्यार्थी, या विषयावर आमचं कधी पटलं नाही, पण ऐकून घेतील. आणि तीन आठवडे झाले तरी ट्रॅकिओस्टॉमी, म्हणजे श्वासासाठी गळ्यात छिद्र, का झाली नाही, न्यूरोसर्जननी शेवटच्या सीटीनंतर काय लिहिलं, हे तुझ्या मेसेजमध्ये कुठेच नाही. रुग्णाचं नाव न घालता ते मला सकाळी कळव.

तुझी,
मॅडम