कृष्णविवराचं गणित, दहावीच्या वहीत

प्रश्न : मी दहावीला विज्ञान शिकवते. गुरुत्वाकर्षणाचा धडा झाला की मुलं हमखास कृष्णविवराबद्दल विचारतात. पण सूत्रात आकडे घालायला घेतले की दहाच्या तिसाव्या घातापाशी अर्धा वर्ग गळतो. काय करावं?

घात सोडा, प्रमाण धरा. मुक्तिवेग, म्हणजे गुरुत्वाकर्षणातून कायमचं सुटायला लागणारा किमान वेग, त्या धड्यात आलेलाच आहे. त्याच्या सूत्रातून मुलांकडून एवढंच वदवून घ्या : वस्तुमान तेच ठेवून गोळा दाबत नेला, तर मुक्तिवेगाचा वर्ग त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. त्रिज्या पाव झाली की वेग दुप्पट.

आता फळ्यावर सूर्य घ्या. त्याच्या पृष्ठभागावरचा मुक्तिवेग सेकंदाला ६१८ किलोमीटर, प्रकाशाचा वेग ३ लाख. कृष्णविवर म्हणजे जिथून प्रकाशही सुटू शकत नाही, तेव्हा मुक्तिवेग प्रकाशाच्या वेगाएवढा व्हायला हवा. भागाकार साधारण ४८५. वेग ४८५ पट हवा, तर त्रिज्येला ४८५ च्या वर्गाने, म्हणजे सुमारे २ लाख ३५ हजारांनी भागायचं. सूर्याची त्रिज्या ७ लाख किलोमीटरला जराशी कमी. उत्तर आलं ३ किलोमीटर! ना गुरुत्व स्थिरांक लागला, ना सूर्याचं वस्तुमान.

पृथ्वीचं गणित घरी द्या. मुक्तिवेग ११.२, त्रिज्या ६,४००. उत्तर ९ मिलिमीटरच्या आसपास यायला हवं, म्हणजे अख्खी पृथ्वी गोटीएवढी. काहींची पृथ्वी २४० मीटरची येईल. ते वर्ग करायला विसरले, असं खुशाल समजा.

ते ३ किलोमीटर मात्र पाठ करून घ्या. कृष्णविवराची त्रिज्या वस्तुमानाच्या सम प्रमाणात असते, त्यामुळे पुढचं सगळं ‘जितके सूर्य, गुणिले तीन’. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातलं कृष्णविवर सुमारे ४३ लाख सूर्यांचं, म्हणून त्रिज्या १ कोटी २९ लाख किलोमीटर. बुधाच्या कक्षेत सहज मावेल.

जाता जाता : १७८३ मध्ये जॉन मिचेल या इंग्रज पाद्र्याने उलटा विचार केला. घनता सूर्याचीच ठेवून तारा मोठा करत नेला तर मुक्तिवेग त्रिज्येच्या सम प्रमाणात वाढतो. मग सूर्याच्या सुमारे ५०० पट व्यासाच्या ताऱ्याचा प्रकाश बाहेर निसटणार नाही, असं त्याने मांडलं. त्याचे ५०० आणि आपले ४८५ शेजारी शेजारी लिहा.

प्रश्न : मी इंजिनिअर आहे. मुक्तिवेगाचं सूत्र न्यूटनच्या गतिज ऊर्जेच्या सूत्रातून येतं. ते प्रकाशाला लावणं चूक आहे ना? मुलांना चुकीचं का शिकवायचं?

चूक आहेच, आणि ते मुलांपासून लपवू नये. कार्ल श्वार्झशिल्डने १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आइन्स्टाइनच्या समीकरणांच्या उत्तरातून नेमकी हीच त्रिज्या निघते, हा योगायोग म्हणायचा. पण चित्र वेगळं आहे. न्यूटनच्या हिशोबात प्रकाश थोडा वर जाऊन खाली पडू शकतो, शिवाय इंधन जाळत राहिलेलं यान सावकाश का होईना बाहेर येऊ शकतं. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेत घटना क्षितिजाच्या, म्हणजे कृष्णविवराच्या सीमेच्या, आत ‘बाहेर’ ही दिशाच उरत नाही. यानाने कितीही इंधन जाळलं तरी. पंधरा वर्षांच्या मुलाला हा फरक छान कळतो. ‘उत्तर बरोबर, कारण अपुरं’ असं स्पष्ट सांगा आणि पुढे चला.

प्रश्न : मी नववीत आहे. सूर्याचं उद्या कृष्णविवर झालं तर आपण आत ओढले जाऊ का?

नाही गं. गुरुत्वाकर्षणाच्या नियमात सूर्याची त्रिज्या कुठे दिसते का बघ. वस्तुमानं आणि मधलं अंतर, बस. १५ कोटी किलोमीटरवरून पृथ्वीला काही फरक जाणवणार नाही, ती तशीच फिरत राहील. थंडीने मात्र गोठू. तसंही सूर्य त्या मानाने हलका आहे, त्याचं कृष्णविवर होणारच नाही.

प्रश्न : कृष्णविवर म्हणजे प्रचंड घनता, हे तरी बरोबर ना?

छोट्यांच्या बाबतीत. त्रिज्या वस्तुमानाच्या प्रमाणात, घनफळ त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात, म्हणून सरासरी घनता वस्तुमानाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. एम-८७ दीर्घिकेतलं कृष्णविवर, ज्याची प्रतिमा एप्रिल २०१९ मध्ये जगाने पाहिली, सुमारे ६५० कोटी सूर्यांचं आहे. त्याची घनता काढून बघा : घनमीटरला अर्ध्या किलोच्याही आत. आपल्या आसपासच्या हवेची सव्वा किलोच्या जवळ. (क्षितिजाच्या आतलं घनफळ गोलाच्या सूत्राने काढणं ही सोय आहे, एवढी पुस्ती जोडा.)

प्रश्न : मी हिंगोली जिल्ह्यात गणित शिकवतो. औंढा नागनाथजवळच्या लायगो (गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातली थरथर, टिपणारी वेधशाळा) प्रकल्पामुळे मुलांना उत्सुकता आहे. वर्ग-वर्गमुळांत बसेल असं काही सुचवा.

अमेरिकेतल्या लायगोने १४ सप्टेंबर २०१५ ला टिपलेली पहिलीच टक्कर घ्या. ३६ आणि २९ सूर्यांची दोन कृष्णविवरं एकत्र आली, तयार झालं ६२ सूर्यांचं एक. बेरीज ६५ यायला हवी, ३ कमी पडतात. तेवढं वस्तुमान गुरुत्वीय लहरींची ऊर्जा होऊन निघून गेलं.

आता मुलांना विचारा, जास्तीत जास्त किती जाऊ शकलं असतं? स्टीफन हॉकिंगने १९७१ मध्ये दाखवलं की क्षितिजांचं एकूण क्षेत्रफळ कधी कमी होत नाही. क्षेत्रफळ वस्तुमानाच्या वर्गाच्या प्रमाणात. ३६ चा वर्ग १२९६, २९ चा ८४१, मिळून २१३७. वर्गमूळ ४६ च्या थोडं पुढे. म्हणजे उरणारं कृष्णविवर ४६ सूर्यांहून हलकं असूच शकत नाही. ६२ चा वर्ग ३८४४, नियम व्यवस्थित पाळला गेला. कृष्णविवर स्वतःभोवती फिरत असेल तर क्षेत्रफळ काहीसं कमी भरतं, तरी इथे ते २१३७ च्या बरंच वर राहतं.

एखादी चुणचुणीत मुलगी विचारेलच : मग ५० का नाही, ६२ च का? तिला सांगा, इथे वहीतलं गणित संपलं. ते उत्तर काढायला आइन्स्टाइनची समीकरणं महासंगणकावर सोडवावी लागतात.