हळदीच्या सौद्याआधी काय, नंतर काय?

प्रश्न: सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळद-बेदाण्याच्या अडत दुकानांसाठी आमची कंपनी अ‍ॅप बनवते. १२० दुकानं ग्राहक आहेत, डेव्हलपर ४. मी प्रॉडक्ट मॅनेजर आहे. मागण्यांची यादी ६० वर गेली आहे. विक्रीची माणसं म्हणतात, मोठ्या अडत्याला हवा तो रिपोर्ट आधी द्या. मालकांना नवा डॅशबोर्ड (सगळे आकडे एका पडद्यावर) हवाय. ऑक्टोबर ते डिसेंबरचा रोडमॅप (कोणतं काम कधी, याचा आराखडा) कसा ठरवू?

उत्तर: यादी बाजूला ठेवा आणि आधी माणसांचे आठवडे मोजा. ४ जण, १३ आठवडे, म्हणजे ५२ माणूस-आठवडे (एका माणसाचं आठवड्याचं काम). दिवाळीत प्रत्येकाचा एक आठवडा जाणार, उरले ४८. चालू ग्राहकांच्या तक्रारी आणि दुरुस्त्यांत मागच्या तिमाहीत किती वेळ गेला ते काढा. नोंद नसेल तर तिसरा हिस्सा धरा, म्हणजे १६. उरले ३२. अचानक येणाऱ्या कामाला ५ राखून ठेवा. तुमच्या हातात खरे २७ आठवडे आहेत. बहुतेक रोडमॅप डिसेंबरात कोसळतात, कारण वाटप ५२ चं झालेलं असतं.

आता यादी. मागणी करणाऱ्याला एकच विचारा, ‘हे मिळाल्यावर तुम्ही त्याचं काय करणार?’ पट्टीची (शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाची) पीडीएफ, शेतकऱ्याचा खातेउतारा, शिल्लक बाकीचा एसएमएस अशा तीन मागण्या वेगळ्या दिसतात, पण तिन्हींच्या मुळाशी एकच अडचण असू शकते: ‘माझ्या मालाची पट्टी किती झाली’ म्हणून शेतकरी दिवसभर दुकानात फोन करतो. अशा मागण्या एका अडचणीखाली आणल्या की यादी बरीच आखडते.

उरलेल्या कामांना इंटरकॉम कंपनीत तयार झालेली ‘राइस’ पद्धत लावा. तिमाहीत किती ग्राहकांना उपयोग, गुणिले परिणाम (३, २, १, ०.५ किंवा ०.२५), गुणिले खात्री (१००, ८० किंवा ५० टक्के), भागिले माणूस-आठवडे. येणारा आकडा म्हणजे त्या कामाचा गुण. तुमच्याकडची चार कामं नमुन्यादाखल मांडू. पट्टी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणं: ९० × २ × ०.८ ÷ ४ = ३६. नेट नसताना नोंद करता येणं: ११० × ३ × ०.५ ÷ १५ = ११. डॅशबोर्ड: १२० × ०.५ × ०.५ ÷ ६ = ५. मोठ्या अडत्याचा रिपोर्ट: १ × ३ × १ ÷ १ = ३.

नेट नसतानाच्या नोंदीकडे नीट बघा. तिचा गुण कमी आला तो ५० टक्के खात्रीमुळे, आणि खात्री वाढवणं स्वस्त आहे. आता सौदे चालू असतील त्या दोन सकाळी १० दुकानांत बसा आणि किती नोंदी नेट गेल्यामुळे कागदावर होतात ते मोजा. अडचण खरी निघाली तर खात्री ८० टक्के, आणि गुण १७.६. खोटी निघाली तर १५ आठवडे वाचले. आमच्या मते या पद्धतीचा सगळ्यात मोठा उपयोग हाच: आपण कुठे अंदाजाने बोलतोय ते उघडं पडतं.

गुणाला हंगाम मात्र कळत नाही, तो तुम्हालाच बघावा लागतो. नव्या हळदीची आवक जानेवारी-फेब्रुवारीपासून वाढते. म्हणून वजन, हमाली, तोलाई, पट्टी यांना हात लावणारं प्रत्येक काम डिसेंबरच्या मध्यापर्यंत दुकानात चालू झालेलं हवं. ऐन हंगामात त्या भागात बदल करू नका. पट्टीत एक रुपयाची चूक झाली तरी अडत्याला शेतकऱ्यासमोर मान खाली घालावी लागते. नेट नसतानाच्या नोंदीला दोघांना साडेसात आठवडे लागतील. म्हणून गुण दुसऱ्या क्रमांकाचा असला तरी सुरुवात तिची, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. मग दोन आठवडे चार-पाच दुकानांत चाचणी.

व्हॉट्सअ‍ॅपचं काम लहान आहे, पण संदेशांचे टेम्प्लेट (आधी ठरवलेले नमुने) त्याच्या मालक कंपनीकडून, म्हणजे मेटाकडून मंजूर करून घ्यावे लागतात, शेतकऱ्याची संमती लागते आणि संदेशाला पैसे पडतात. ते पैसे दुकान देणार की तुम्ही, हे कोड लिहिण्याआधी ठरवा. टेम्प्लेटचा अर्ज पहिल्याच दिवशी टाका.

कायद्याची कामं गुणांच्या रांगेत उभी करू नका. ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस (जीएसटीच्या पोर्टलवर नोंदवलेलं बिल) सक्तीचं आहे. त्यात काही अडलं असेल तर ते काम होणारच. त्याला ३ आठवडे धरले तर १५, ४ आणि ३ मिळून २२. उरले ५. डॅशबोर्डला ६ लागतात, तो यावेळी बसत नाही. रिपोर्ट बसतो, पण आधी त्या अडत्याला एक्सेल उतरवून द्या. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

दोन चुका वारंवार होतात. काहीजण एका कामात दुकानं मोजतात, दुसऱ्यात शेतकरी, आणि शेतकरी मोजलेलं काम आपोआप वर जातं. दुसरी, माणूस-आठवडे प्रॉडक्ट मॅनेजर स्वतःच लिहितो. तो आकडा डेव्हलपरचाच हवा, आणि त्यात चाचणी, जुना डेटा नव्यात आणणं आणि दुकानातल्या मुनीमजींना शिकवणं हेही धरलेलं हवं.

प्रश्न: आमचे मालक प्रत्येक कामापुढे तारीख मागतात. काय द्यावं? (मिरज)

उत्तर: ‘आता’, ‘पुढे’ आणि ‘नंतर’ असे तीन रकाने द्या. ‘आता’मधल्या कामाला महिना लिहा, ‘पुढे’ला तिमाही, ‘नंतर’ला काहीच नको. पक्की तारीख फक्त कायद्याच्या किंवा हंगामाच्या कामाला. प्रत्येक कामापुढे ते जमलं हे कशावरून कळणार तेही लिहा, उदाहरणार्थ ‘पट्टीसाठी येणारे फोन निम्मे’. मालकांना तारखेइतकीच त्या आकड्याचीही गरज असते. विक्रीच्या माणसांच्या हाती मात्र फक्त ‘आता’चा रकाना द्या; ‘नंतर’मधलं काम ग्राहकाला कबूल झालं की ते परत घेता येत नाही.

प्रश्न: जुन्या कोडची दुरुस्ती रोडमॅपवर कधीच वर येत नाही. (कराड)

उत्तर: येणारही नाही, कारण ग्राहक ती मागत नाही. तिला गुण देऊ नका, दर तिमाहीत १५ ते २० टक्के वेळ आधीच बाजूला काढा. त्यात काय करायचं ते डेव्हलपरांना ठरवू द्या. फक्त मागच्या तीन महिन्यांत ज्या भागातून सर्वाधिक तक्रारी आल्या, तिथून सुरुवात करायला सांगा.