बोटीच्या ट्रेलरला मोठी चाकं? आधी फेंडर मोजा

रिमचं डिझाइन नंतर निवडा, आधी टेप घेऊन फेंडरपाशी, म्हणजे चाकावरच्या मडगार्डपाशी, बसा. अमेरिकेत छोट्या बोटींच्या ट्रेलरवर एसटी (‘स्पेशल ट्रेलर’, म्हणजे खास ट्रेलरसाठीचा) १७५/८० आर १३ हा टायर सर्रास दिसतो, उंची साधारण २४ इंच. त्याजागी २०५/७५ आर १४ घातला की ती २६ होते, म्हणजे (निम्मी वाढ वर, निम्मी खाली) फेंडरखालची इंचभर जागा गेली. बोट चढवलेली असताना तिथे तीनेक इंच मोकळे हवेत, कारण खड्ड्यात स्प्रिंग दबते. रिकाम्या ट्रेलरवरचं माप फसवं असतं. दोन ॲक्सल असतील तर पुढच्या-मागच्या टायरमधलं अंतरही बघा.

कारचे चकचकीत अलॉय स्वस्तात मिळतात म्हणून उचलू नका. ट्रेलरच्या रिमचा ऑफसेट (रिमच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागाचं अंतर) बहुधा शून्य असतो, कारच्या रिमचा तसा नसतो. त्यामुळे चाक आत सरकून स्प्रिंगला किंवा फ्रेमला घासतं. बोल्टची संख्या आणि ते ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास (बरेचदा पाच बोल्ट, साडेचार इंच) हबवर मोजूनच ऑर्डर द्या. टायरही एसटीच घ्या, कारचा नको.

मोठा टायर जास्त वजन पेलतो हे खरं, पण ॲक्सलची क्षमता तीच राहते. खाऱ्या पाण्यात उतरणार असाल तर क्रोम विसरा. दिसायला साधी असली तरी गॅल्वनाइज्ड रिम टिकते. नट टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराने आवळायच्या पान्याने) आवळा आणि पहिल्या पन्नास मैलांत दोन-तीनदा थांबून पुन्हा तपासा. आणि हो, स्टेपनीही त्याच मापाची घ्या.