चहावरची जकात की चहावरचा कर?

प्रश्न असा आहे: अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाबद्दल मराठीत लिहिताना कुणी ‘चहावरील जकात’ म्हणतं, कुणी ‘चहावरील कर’. बरोबर काय?

माल आत येताना नाक्यावर किंवा बंदरात भरायची ती जकात. मुंबईत २०१७पर्यंत जकात नाके होते, त्यामुळे अर्थ वेगळा सांगायला नको. (सरकारी ‘सीमाशुल्का’पेक्षा मला हाच शब्द बरा वाटतो.) १७६७ साली ब्रिटिश संसदेने आपल्या अमेरिकेतल्या वसाहतींत येणारी काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांवर जे बसवलं, ती वसुलीच्या दृष्टीने जकातच, चहावर एक पौंड वजनामागे तीन पेनी.

पण भांडण नेमकं इथेच होतं. १७६५च्या स्टँप ॲक्टने कोर्टाची कागदपत्रं, परवाने, वर्तमानपत्रं, एवढंच काय पत्त्यांचा कॅटसुद्धा छापाखाली आणला, म्हणजे कर भरून त्यावर सरकारी छाप घ्यावा लागे. (याला ‘तिकीट कायदा’ म्हणू नये, टपालाचं चिकटवायचं तिकीट आलं १८४० साली. ‘मुद्रांक शुल्क’ चपखल बसतं.) वसाहतींनी तो हाणून पाडला आणि १७६६च्या मार्चमध्ये तो रद्द झाला. त्याआधी फेब्रुवारीत वसाहतींची बाजू मांडणाऱ्या बेंजामिन फ्रँकलिनने संसदेपुढे फरक मांडला होता: बंदरातली जकात मालाच्या किमतीत मिसळते, नको असेल तर माल घेऊ नये, अंतर्गत कर मात्र लोकांच्या संमतीवाचून वसूल होतो. १७६७ची जकात आणणारा ब्रिटिश अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंड याने हाच धागा पकडला. जकात चालते ना? मग घ्या जकात!

त्यावर पेनसिल्व्हेनियाचा वकील जॉन डिकिन्सन याचं म्हणणं असं, की व्यापाराला वळण लावण्यासाठी घेतलेली जकात वेगळी आणि तिजोरी भरण्यासाठी घेतलेली वेगळी. दुसरी म्हणजे करच, नाव काहीही द्या. आणि आमचा प्रतिनिधी नसलेल्या संसदेला कर बसवण्याचा हक्कच नाही. १७६४ सालीच याची चुणूक दिसली होती: परदेशी मळीवरची जकात गॅलनला सहा पेनींवरून तीनवर आणली, तरी व्यापारी चिडले, कारण आता ती खरोखर वसूल होणार होती, आणि तीही महसुलासाठी.

म्हणून माझं मत: वसुलीबद्दल लिहायचं तर ‘जकात’, वसाहतवाल्यांची तक्रार सांगायची तर ‘कर’. ‘चहा महागला म्हणून बंड झालं’ हे मात्र लिहू नका. १७७३च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा चहा उलट स्वस्त पडणार होता. तीन पेनी तेवढ्या कायम होत्या, आणि १६ डिसेंबरला बॉस्टनच्या बंदरात चिडलेल्या वसाहतवाल्यांनी चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात फेकल्या.