चिविता आणि बान्योरेजो: बस कुठे सोडते आणि का

रविवारी आईवडिलांना घेऊन इटलीतल्या ओर्विएतोहून चिविता दी बान्योरेजोला जायचंय, आणि माहिती केंद्रात "बस थेट गावात सोडते" असं सांगितलं, असं तुम्ही लिहिलंय. अशाच एका केंद्रात मलाही हेच उत्तर मिळालं होतं आणि त्यापायी अख्खा दिवस वाया गेला होता. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

बस सोडते ती बान्योरेजोत. फोटोत दिसणारं, सुळक्यावर एकटं उभं असलेलं गाव म्हणजे चिविता. ते तिथून पुढे जवळपास दोन किलोमीटरवर आहे. पूर्वी हे सगळं एकच शहर होतं. चिविता हा त्याचा एत्रुस्कन (रोमनांच्या आधीच्या लोकांच्या) काळापासूनचा मूळ भाग आणि रोता ही पश्चिमेकडची वस्ती. दोन्हींना जोडणारी मातीची सोंड सतत झिजत होती. 11 जून 1695 च्या भूकंपात चिवितातली घरं पडली, रस्ता खचला, कारभार आणि बिशप रोताला हलले. 1699 मध्ये चिवितातल्या सान दोनातो चर्चचा कॅथेड्रलचा, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचा, मानही गेला. आजचं बान्योरेजो म्हणजे ते रोता. त्यामुळे नगरपालिका, बसथांबा, दुकानं सगळं तिकडे. तुमची बस चिवितात का जात नाही याचं उत्तर एवढंच आहे. खिडकीत बसून रोज पर्यटकांना वाट दाखवणाऱ्यांना हे माहीत नसावं याचा मला अजूनही राग येतो, कारण त्याची किंमत म्हाताऱ्या माणसांचे गुडघे मोजतात.

"भूकंपानं गाव मेलं" असं सगळीकडे वाचाल. माझ्या मते भूकंप निमित्तमात्र होता. वरचा थर तुफाचा, म्हणजे बोल्सेना तळ्याच्या परिसरातल्या ज्वालामुखींच्या राखेचा घट्ट झालेला दगड. त्याखाली जुन्या समुद्रतळाची चिकणमाती. ओल्या शाडूवर जड फरशी ठेवावी तशी ही रचना आहे. उत्तरेला रिओ क्यारो आणि दक्षिणेला रिओ तोर्बिदो हे ओढे पायथ्याची माती कापत राहतात. आधार गेला की तुफातल्या उभ्या भेगा रुंदावतात, त्यांत पावसाचं पाणी मुरतं आणि कड्याचा तुकडा सुटून खाली जातो. पोलादी सळ्या घालून कडा बांधणं, ओढ्यांवर छोटे बंधारे घालणं, हे उपाय झालेत. त्यानं वेग कमी होतो, झीज थांबत नाही. चिवितातलं भूस्खलनाचं छोटं संग्रहालय उघडं असेल तर आधी तिथे जा. मग गाव वेगळं दिसतं.

आता तुमचा बेत. रविवार सोडाच. कोत्राल या बस कंपनीच्या या मार्गावर रविवारी आणि सणाला बस नसते. वेळापत्रकात "फेरिआले" म्हणजे सोमवार ते शनिवार, आणि "स्कोलास्तिको" लिहिलेली फेरी फक्त शाळेच्या दिवशी. उन्हाळ्यात लोक नेमके इथेच फसतात. परतीचं तिकीटही ओर्विएतोतच तंबाखूच्या दुकानातून घेऊन ठेवा, कारण दुपारी ही दुकानं बंद असतात. वेळा आणि दर बदलतात, आदल्या दिवशी कंपनीच्या साइटवर पाहून घ्या.

बान्योरेजोतून बेल्वेदेरेपर्यंत, म्हणजे चिविता समोर दिसतं त्या सज्जापर्यंत, छोटी बस मिळते, तिचे पैसे वाचवू नका. चिवितात शिरायला 5 युरोचं तिकीट आहे. त्यापुढे 1965 चा काँक्रीटचा पादचारी पूल, साधारण 300 मीटर, शेवटी चांगलाच चढ, आणि सावली अजिबात नाही. आईवडिलांच्या गुडघ्यांचं तुम्हालाच ठाऊक, मी डॉक्टर नाही. पण चढ जमणार नसेल तर बेल्वेदेरेवर बसवा. सगळं गाव आणि भोवतीचे कालांकी, म्हणजे पावसानं चिरलेले मातीचे उघडे उतार, तिथूनच सर्वांत छान दिसतात.

आत गेलात तर सांता मारिया दरवाजावरचे, माणसाचं डोकं पंजात दाबलेले सिंह बघा: ओर्विएतोच्या मोनाल्देस्की घराण्याविरुद्धच्या उठावाची ती खूण. जवळच एका वाड्याची फक्त दर्शनी भिंत उरलीय, खिडक्यांतून आकाश दिसतं. संत बोनाव्हेंतुरा याच गावचे; त्यांच्या घराचा बहुतेक भाग कड्याबरोबर गेला. पूर्वेच्या टोकाला कड्यातून कोरलेला एत्रुस्कन बोगदा आहे. पावसानंतर त्या वाटेला जाऊ नका, चिकणमाती बुटाला धरते आणि पाय घसरतो.

रविवारच हाती असेल तर ओर्विएतोच करा. तोच तुफा, तीच खालची माती, आणि रेल्वे स्टेशनासमोरून फ्युनिक्युलर, म्हणजे दोरानं ओढली जाणारी छोटी गाडी, वर नेते. वरच्या स्टेशनाशेजारी सान पात्रित्सियोची विहीर आहे. 248 पायऱ्या, उतरायचा आणि चढायचा जिना वेगळा, ओझ्याची खेचरं समोरासमोर येऊ नयेत म्हणून. तुम्ही उतरा, आईवडिलांना शेजारच्या किल्ल्याच्या बागेत बसू द्या.